सुंदरी डॉक्टरीण

नागपूर, १२ डिसेंबर १९५४

ती. सौ. बाईस,
धाकट्या बहिणीचा, मनकर्णाचा, नमस्कार.

परवा बाबा तिवशाहून वसतिगृहावर येऊन गेले. फाटकातच उभे राहिले, आत बसले नाहीत. भाऊजींचा निरोप त्यांनी जसाच्या तसा सांगितला, "त्या पोरीनं आता आमच्या उंबऱ्यात पाय ठेवाचा नाई." मी विचारलं, बाईचं काय म्हणणं? बाबा म्हणाले, "ते काय म्हनन? ते खाली मान घालून भाकरी थापून राह्यली होती."

म्हणून हे पत्र. भाऊजी ते आधी वाचतील. वाचू देत.

फोटो तुम्ही पाहिलाच आहे. इथे औद्योगिक प्रदर्शन भरलं होतं, त्यात एका साबणवाल्यांनी ही स्पर्धा ठेवली होती. गावात जे काही सांगतात तसलं तिथे काही नव्हतं. साडी नेसून मांडवात दोनदा चालायचं आणि परीक्षकांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची. काय व्हायचं आहे, असं त्यांनी विचारलं. मी म्हणाले, डॉक्टर, मेडिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ते खूप हसले, त्यांना तो विनोद वाटला. मग मला 'विदर्भसुंदरी' म्हणून पट्टा घातला. मनकर्णा हे नाव कर्ण्यावर बरं वाटत नाही म्हणून त्यांनी परस्पर 'मीना' असं पुकारलं. पेपरातही मीनाच छापलं. तेव्हा भाऊजींची अब्रू गेली असेल तर ती कुणा मीनापायी.

मैत्रिणींनी माझ्या नकळत नाव दिलं, असं बाबांना सांगून मी सुटू शकले असते. पण नाव मीच दिलं होतं. मला जिंकायचं होतं. इथे वर्गात मुलगी उत्तर द्यायला उभी राहिली की मागून बाकं वाजतात. एक संध्याकाळ सगळे गप्प बसून माझ्याकडे पाहतील, एवढंच मला हवं होतं.

भाऊजी तुला पाहायला आले तेव्हा मी दाराआड होते. तुला भिंतीपर्यंत चालून दाखव म्हणाले. केस सोडून दाखव म्हणाले. ते चाललं, आणि माझं चालणं नाही चाललं.

माय गेल्यावर मला न्हाऊमाखू तूच घातलंस. माझ्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडायचीस. ते तोंड तेच आहे, बाई. आशा आता खूप बोलत असेल ना? इतक्या वर्षांनी झालेली तुझी पोर, तिला पाहायची फार इच्छा आहे.

तुझी,
मनकर्णा


अमरावती, ३ मार्च १९५९

ती. बाईस,

बाबांच्या तेरवीला आपण दोन दिवस एका घरात होतो. तुला पाणी हवं होतं तेव्हा तू आत्याला म्हणालीस, "त्या डॉक्टरनीले सांग, घागर इकडं सरकव म्हना." मी तुझ्यापासून हातभर अंतरावर बसले होते. मी घागर सरकवली.

मी डॉक्टर झाले हे तुला ठाऊक आहे, हे त्यावरून कळलं. तेवढाच माझा आनंद.

इथल्या दवाखान्यात लागून सहा महिने झाले. माझ्या टेबलापुढची रांग सगळ्यांत लांब असते. त्यात आजारी किती आणि 'सुंदरी डॉक्टरीण' पाहायला आलेले किती, हे मला आता चालीवरून ओळखता येतं. राजापेठेतला एक कापडवाला दर दोन दिवसांनी पोट दुखतं म्हणून यायचा. एकदा समोर उभं करून एरंडेल पाजलं, तेव्हापासून त्याचं पोट बरं आहे.

मला शस्त्रक्रिया शिकायची होती. मोठ्या साहेबांना तसं विचारलं. ते सगळ्यांदेखत म्हणाले, "तुम्ही वॉर्डातून नुसत्या फिरून आलात तरी निम्मे पेशंट बरे होतात. चाकू कशाला हातात घेता?" सगळे हसले. मीही हसले, आणि त्याच हसण्याची मला अजून चीड येते. माझ्याबरोबर पास झालेला, माझ्याहून कमी मार्कांचा मुलगा आता साहेबांच्या शेजारी उभा राहून टाके घालतो. मंत्री येतात तेव्हा मात्र हार घालायला मला बोलावतात.

भाऊजींना वाटतं त्या पट्ट्याने मी मोठी झाले. त्यांना सांग, तो पट्टा या लोकांनी अजून माझ्या गळ्यातून काढलेला नाही.

मनकर्णा


अकोला, २० ऑगस्ट १९६१

ती. बाईस,

दवाखाना सोडला. सार्वजनिक आरोग्याच्या कामात आले. तिथे कोणी डॉक्टर यायला तयार नसतो, त्यामुळे मला कोणी अडवलं नाही. साहेब म्हणाले, उन्हातान्हात रंग जाईल तुमचा. मी म्हणाले, जाऊ द्या.

गेला महिना पूर्णेकाठच्या गावांत पटकीच्या साथीमागे फिरत होते. विहिरींत औषध टाकायचं, सलाइन लावायचं, मेलेल्याच्या घरचं पाणी ओतून द्यायला लावायचं. काळ्या मातीत गुडघाभर चिखल. एका गावात तर माझी चप्पल रुतली ती निघालीच नाही, तशीच अनवाणी हिंडले. तिथे एका म्हातारीने मला जवळ बसवून विचारलं, "बाई, तुयं लगन काहून नाई झालं? दिसाले तर बरी हायस." नुसतं 'बरी'. पेपर तिच्यापर्यंत पोचलेला नव्हता. मला इतकं हलकं वाटलं की मी तिच्याकडे जेवायलाच बसले.

तू उत्तर देत नाहीस तरी एक विचारते. आशाला देवी काढल्या होत्या का? ती तापाने आजारी होती म्हणून राहून गेलं, असं बाबा म्हणाल्याचं आठवतं. ती अकरा वर्षांची झाली. राहिलं असेल तर आता तरी लस टोचून घे. यात माझा काही मान-अपमान नाही.

मनकर्णा


अमरावती, ९ नोव्हेंबर १९६३

बाई,

मला न विचारता माझ्या खात्यातल्यांनी काय केलं ते आधी सांगते, कारण त्याचा भोग तुमच्या गावाला भोगावा लागेल अशी भीती वाटते.

देवीच्या रोगाची मोहीम सुरू आहे. गावन् गाव, घरन् घर लस टोचायची. मोर्शी तालुका माझ्याकडे आहे. प्रचाराच्या साहेबांनी कुठून तरी तो चोपन्न सालचा फोटो मिळवला आणि पोस्टर छापलं. पट्ट्यासकट मी, आणि खाली अक्षरं: 'रूप राखायचे तर लस टोचून घ्या.' मी जाऊन भांडले. म्हणाले, "अहो बाई, लोक पाहायला थांबतात. लोक थांबले की टोचता येतं." आणि बाई, ते खरं निघालं. लोक थांबतात. दोन तालुक्यांत काम भराभर झालं. माझ्या पाच वर्षांच्या डॉक्टरकीने जेवढं केलं नसेल तेवढं त्या कागदाने केलं.

फक्त तुमच्या गावात झालं नाही. आमचा लस टोचणारा देवमन परत येऊन सांगत होता. भाऊजींनी चावडीवरचं पोस्टर फाडलं आणि म्हणाले, "ज्या बाईनं आमची इज्जत मांडवात नेऊन विकली, तिची सुई आमच्या पोरायले लागनार नाई." आणखी एक बोलले, ते देवमन आधी सांगेना. मग म्हणाला, "माया जातीवरून बोलले, मॅडम. बौद्ध झाला म्हनून तुया हात काई बदलला नाई म्हने." भाऊजी सरपंच. त्यांनी नाही म्हटल्यावर गावातल्या एकानेही दंड पुढे केला नाही. देवमन मग बौद्धवाड्यात गेला. तिथे कोणी अडवलं नाही. लेकरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांना टोचून आला.

बाई, पंचायत, पोस्टर, जात हे सगळं पुरुषांना करू दे. तू आशाला घेऊन मोर्शीच्या बाजाराला ये. तिथल्या दवाखान्यात मी सांगून ठेवलं आहे. सुईदेखील एक म्हातारी नर्स मारेल, पार्बताबाई नावाची, मी तिथे नसेन. तुला माझं तोंड पाहावं लागणार नाही.

मनकर्णा


अमरावती, २८ मे १९६४

बाई,

मी आले म्हणून तुमच्या घरात देवी आली, मी आशाला पाहिलं म्हणून तिचा डोळा गेला, असं तू गावात सांगतेस हे माझ्या कानावर आलं. तेव्हा काय झालं ते लिहून ठेवते. खोटं असेल तिथे तू खोड.

तुमच्या गावात पहिली देवी दिसली ती बाजारहाट करून आलेल्या तेल्याच्या घरी. गावाने ते लपवलं. आम्हाला कळलं तेव्हा चौघं गेले होते. मी आले तेव्हा तुझ्या दाराला कडुलिंबाचे डहाळे बांधलेले होते. तू दारात होतीस. दहा वर्षांत मला पहिलं वाक्य बोललीस ते हे: "बूट भायेर काढ. देवीमाय घरात हाये."

मी बूट काढले. आशा अंधाऱ्या खोलीत होती. तोंडावर बोट टेकवायला जागा नव्हती, डोळे पुवाने चिकटलेले. मी पाणी उकळायला सांगितलं तर तू म्हणालीस, "तिले हात नोको लावू. माय कोपन."

मी म्हणाले, "बाई, डोळे धुतले नाहीत तर जातील."

"जाचे असन तं जातीन. तिचं तिले द्या लागते."

"मोर्शीला का नाही आणलंस तिला? मी पत्र लिहिलं होतं."

तू माझ्याकडे पाहिलंस आणि म्हणालीस, "तुये पत्र मी चुलीत टाकतो. वाचत नाई."

तू वाचतेस, बाई. वाचत नसतीस तर मी तिथे नसणार आहे हे तुला कसं ठाऊक होतं? कारण पुढच्याच श्वासाला तू म्हणालीस, "मोर्शीले तू स्वता नसनार होती. परक्या बाईच्या हाती कशी देऊ?" मी पदर खोचला, पाणी उकळलं, डोळे धुतले. तू मला अडवलं नाहीस. भिंतीकडे तोंड करून बसलीस. उजवा डोळा वाचला. डावा आधीच गेलेला होता.

बाहेर काय झालं ते तू पाहिलं नाहीस, म्हणून तेही सांगते. भाऊजी ओसरीवर होते. मला म्हणाले, "आता टोचा साऱ्यायले." मी म्हणाले, देवमन टोचेल, आणि पहिला दंड तुमचा. चौकात सगळं गाव जमलं होतं. भाऊजींनी बाही वर केली. देवमनने त्यांचा हात धरला, टोचलं, पुसलं. भाऊजी सगळा वेळ पिंपळाकडे पाहत होते. त्यानंतर रांग लागली. आता रांग लावून काय उपयोग होता, अकरा माणसं तोवर जायची ती गेली.

आणि बौद्धवाड्यात एकही माणूस पडला नाही. कसा पडेल? लस टोचलेली होती. पण गावात काय बोलत होते? त्यांनीच करणी केली, नाहीतर त्यांच्यात कोणी कसा पडला नाही. गावची आटा चक्की त्यांना बंद केली. दुकानातून मीठही देईनात. हे तुझ्या नवऱ्याच्या सरपंचकीत झालं. मी त्यांना चारचौघांत विचारलं, "तुम्हीच ज्याला परत पाठवलंत त्याच्या सुईने ते वाचले. हे गावाला तुम्ही सांगता की मी सांगू?" ते उठून घरात गेले. म्हणून मीच सांगितलं. त्या रागापोटी आता माझ्या नावाने हे चाललं आहे.

करणी कुणी केली असेल तर ती तुझ्या घरच्या 'नाही'ने केली. माझ्या तोंडाला एवढी ताकद असती, तर ते मी चांगल्या कामाला लावलं नसतं का?

मनकर्णा


अकोला, १४ जुलै १९६७

बाई,

आशा माझ्याकडे आहे. सुखरूप आहे.

गेल्या आठवड्यात मंगळवारी दुपारी मी ऑफिसातून आले तर ती क्वार्टरच्या पायरीवर बसली होती. पदर डाव्या डोळ्यावरून पुढे ओढलेला. तीन वर्षांत उंच झाली आहे. मी ओळखलं आणि कुलूप काढू लागले. तीच म्हणाली, "मी आशा. मोर्शीहून अमरावती, तिथं तुमच्या हापिसात पत्ता इचारला, मंग एस.टी.नं आली. मले त्या वरूडवाल्यासंग लगन नाई कराचं."

पंचेचाळिशीचा बिजवर, दोन लेकरांचा. त्याची लेक आशाहून दोन वर्षांनी लहान. हे तू कसं कबूल केलंस ते विचारत नाही. तुला कुणी विचारलं नसेल.

तिसऱ्या दिवशी भाऊजी आले, बरोबर दोन माणसं. मी त्यांना खुर्ची दिली. बसले नाहीत. म्हणाले, "पोरगी भायेर पाठवा."

मी म्हणाले, "ती सतरा वर्षांची आहे. कायद्याने तुमच्या ताब्यात आहे, माहीत आहे मला. पण ओढून न्यायची असेल तर या चाळीतले सगळे पाहतील, आणि मी पोलिसांत जाईन. त्या वरूडवाल्याच्या दारीही जाईन."

तेवढ्यात आशाच बाहेर आली. डोक्यावरचा पदर तिने मागे केला होता. तिला तसं उजेडात पाहून त्या दोघा माणसांनी मान वळवली. भाऊजींनी नाही वळवली, तेवढं त्यांच्या पदरात घालते. ते म्हणाले, "तुया मावशीनं तोंड दाखून नाव कमावलं. तू काय दाखोशीन?"

आशा म्हणाली, "मले काई दाखवाचं नाई. तुमी जा, बाबा. एस.टी. चुकन."

इतक्या साध्या आवाजात म्हणाली की ते खरंच गेले. जाताना जिन्यावर एकदा थांबले. मला वाटलं वर येतील. आले नाहीत.

तू समजू नकोस की पोर माझ्या गळ्यात पडली. त्या संध्याकाळी भाजी निवडताना तिने मला विचारलं, "मावशी, तुमी मायले पत्र लिवत राह्यल्या. लस टोचाले स्वता आल्या काहून नाई?"

मी म्हणाले, "तुझ्या बापाचं दार मला बंद होतं."

ती म्हणाली, "तुमाले बंद होतं. सरकारले नोतं. तुमी सरकारच्या होत्या ना?"

तिने उत्तराची वाट पाहिली नाही. उठून निवडलेली भाजी धुवायला घेतली.

तिला नर्सिंगला घालायचं म्हणून एका शाळेत घेऊन गेले. सातवी पास, वयाने बसते, गणित चांगलं आहे. मुलाखत घेणाऱ्यांनी तिला बाहेर बसवलं आणि मला म्हणाले, "डॉक्टर, तुम्हीच विचार करा, रोगी उठून बसला आणि समोर असा चेहरा. घाबरेल हो. तुमच्यासारखी असती तर डोळे मिटून घेतलं असतं." बाई, तेरा वर्षं मी या चेहऱ्याने मागे राहिले. मला चाकू मिळाला नाही, कारण मी पाहायला बरी. हिला पट्टी बांधू देत नाहीत, कारण ही पाहवत नाही. मी टेबलावर दोन्ही हात ठेवले आणि म्हणाले, देवीच्या साथीत रोग्याजवळ बसायला तुमच्या शाळेतली कुठली देखणी मुलगी येते ते सांगा. हिला देवी पुन्हा होणार नाही. त्यांनी चहा मागवला. आशा बाहेरून ऐकत होती. चहा यायच्या आत ती माझी पिशवी घेऊन रस्त्यावर उभी होती.

शेवटी मिशनच्या एका दवाखान्याने घेतलं. तिथल्या मेट्रनने तिचे हात उलटसुलट करून पाहिले, तोंडाकडे पाहिलंच नाही. पुढच्या महिन्याच्या अखेरीस वर्ग सुरू. तोवर माझ्याकडे राहील, पुढे सुट्टीला इथेच येईल.

हे माझं शेवटचं पत्र समज. लिहून काही होत नाही, हे तुझ्या पोरीने मला सांगितलं. तिला पाहायचं असेल तर अकोल्याला ये. स्टँडवरून रिक्षावाल्याला आरोग्य खात्याचे क्वार्टर म्हणून सांग. माझं नाव सांगायची गरज नाही.

मनकर्णा


अकोला, ६ ऑगस्ट १९६७

बाई,

पुन्हा लिहिणार नाही म्हणाले होते, तरी लिहिते आहे.

मी चार दिवस बाळापूरकडे दौऱ्यावर होते. काल परत आले तर घर सारवल्यासारखं स्वच्छ. आशाच्या डोक्याला तेल, वेणी घट्ट, तू घालायचीस तशी, डोळे ताणले जातील इतकी घट्ट. ती म्हणाली, "माय आली होती. दोन दिवस राह्यली."

मी विचारलं, "मी केव्हा येणार ते तिने विचारलं का?"

"पयल्यांदा तेच इचारलं. परवा दुपारी म्हनलं, तं आज सकाळच्या एस.टी.नं गेली."

म्हणजे तू ठरवून गेलीस. तुझा मुलीसाठीचा जीव मला कळतो, आणि माझ्यासाठी एक दुपार थांबणं तुला जमलं नाही, हेही कळतं. तू भाऊजींना न सांगता आलीस, हे आशाने सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा तू एकटी एस.टी.त बसलीस. ते माझ्याकडे येण्यासाठी नव्हतं.

मी तिला विचारलं, माझ्याबद्दल काही बोलली का? आशाने बराच वेळ आठवून पाहिलं. ती खोटं बोलत नाही. म्हणाली, "तुमचा तो दौऱ्याचा कोट खुंटीवर होता. त्याची गुंडी तुटली होती, ते लावली. बोलली काई नाई."

चुलीपाशी ज्वारीच्या दोन भाकरी फडक्यात झाकून ठेवल्या होत्यास. आशा म्हणाली, एक तुमची.

मी हातपाय धुऊन बसले आणि खाल्ली. मीठ जास्त झालं होतं.

मनकर्णा